दूध उतू गेलेली पुस्तकं

पुस्तक कसं होतं असं आमच्या ग्रंथपालांनी विचारलं आणि तुम्ही "छान होतं" म्हणालात, की संपलं. भातात खडा लागल्यावर माणूस जसं तोंड करतो तसं तोंड करायचे. "छान तर शेजारणीचं लोणचं पण असतं, बाई. मला हे सांगा, वाचताना काय बिघडलं?"

काय बिघडलं! असं विचारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच नाही. दूध उतू गेलं का? भाकर करपली का? दारात आलेला पाहुणा तसाच उभा राहिला का? असं काही झालं असेल तर पुस्तक चांगलं. सगळं वेळच्या वेळी झालं, घर जिथल्या तिथं राहिलं, तर ते पुस्तक त्यांच्या यादीत खाली घसरायचं. कधीकधी यादीतून जायचंच.

अंबडला कोर्टाच्या मागच्या बोळात, तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं वाचनालय होतं, आणि हे तिथले ग्रंथपाल. अख्खं गाव त्यांना यादीवाले म्हणायचं. मी तोंडावर काका म्हणायचे, माघारी यादीवालेच. इथंही तेच म्हणते. गेलेल्या माणसाचं नाव छापून त्याला आता कोणतं पुस्तक मिळणार आहे?

भिंतीवर त्यांची मोठी यादी होती, खळीनं चिकटवलेली, कागदाला कागद जोडत छतापर्यंत गेलेली. सगळी एकाच जातीची पुस्तकं. लोक त्याला विज्ञानकथा म्हणतात. हे म्हणायचे आकाशाची पुस्तकं, मग त्या पुस्तकात आकाश असो नाहीतर जमिनीखालचं भुयार. सामाजिक कादंबऱ्या, चरित्रं, नाटकं दुसऱ्या कपाटात होती. तिकडं कोणी गेलं की हात झटकायचे, "ते तुमचं तुम्ही पाहून घ्या." पण आकाशाच्या कपाटाला हात लावायचा नाही. किल्ली त्यांच्या जानव्यासारखी गळ्यात. आणि यादीत प्रत्येक पुस्तकापुढं पेन्सिलीनं लोकांची नुकसानी लिहिलेली. 'दूध गेलं.' 'तीर्थपुरीचा थांबा हुकला.' हे कंडक्टरचं, तो गाडीत उभ्यानं वाचायचा. 'वकीलसाहेबांची तारीख चुकली.'

त्या तारखेच्या वेळी मी तिथंच होते. वकीलसाहेब काळा कोट सावरत धाडधाड जिना चढून आले.

"यादीवाले, तुमच्यापायी माझा पक्षकार खाली बोंबलून राह्यला! पुकारा झाला आन् मी बाररूममधी पुस्तकात डोकं घालून!"

हे लगेच कानावरची पेन्सिल काढून उभे. "कुठं होता साहेब? कोणत्या जागी?"

"अहो, माझी तारीख गेली म्हणतोय मी!"

"ते लिहितो ना. पण जागा सांगा आधी."

वकीलसाहेब जरा नरमले. "तो लोखंडी गडी मालकाला विचारतो ना, की मालक, मला कंटाळा आला तर चालंल का? तिथं."

"बराबर!" ह्यांनी टाळी वाजवली. "तिथंच. त्या पानावर भले भले बसतात."

वकीलसाहेबांनी कोट नीट केला. मग हळूच म्हणाले, "पुढचं कोणतं हाय?"

असा माणूस. पुस्तकाचं नाव कधी घ्यायचे नाहीत, आत काय आहे त्यावरून हाक मारायचे. मुंग्यांचं. लोखंडी गड्याचं. बाजाराचा दिवस हरवलेलं. आम्हालाही तीच सवय लागली. आज मला त्यातलं एकही खरं नाव सांगता येणार नाही, पण कुठं माझी सुई बोटात घुसली होती ते बरोबर सांगेन.

सुईचं म्हणाले, कारण मी शिवणकाम करायचे. नवरा डेपोत मेकॅनिक, घरात सासू, ओट्यावर माझं मशीन. शाळा चौथीतच सुटली. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर. पुडी सोडायची, जिरं डब्यात, कागद माझ्या हातात. अर्धी बातमी छापलेली असायची, उरलेली मनानं जुळवायची. चोर सापडला की नाही, पूल पडला तर खाली कोण होतं, ते दिवसभर मशीन मारता मारता मीच ठरवायची. नवरा म्हणायचा, "तुला एक जागा म्हणून चैन न्हाई." खरंच नव्हतं. संध्याकाळी कामं आटपली की मी अंगणात नुसती उभी राहायची. काय पाहिजे ते कळायचं नाही. काहीतरी पाहिजे एवढं कळायचं.

शेवटी नवऱ्यानंच वर्गणी भरली आणि मी एकटी तो जिना चढले. आमच्या वस्तीतून तिथं गेलेली मी पहिलीच बाई. आम्ही बौद्ध, माझ्या बापानं छप्पनच्या साली दीक्षा घेतलेली, तेव्हा मी परकर सुद्धा नेसत नव्हते. तरी गाव ते गावच. आणि ह्या माणसानं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, पहिला प्रश्न काय केला?

"पाणी कुठून आणता?"

माझ्या अंगाचा भडका झाला. हा प्रश्न कोण कुणाला कशासाठी विचारतं, ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मी म्हणाले, "का? पुस्तक द्यायला पाणी कशाला लागतं?"

त्यांना माझा राग कळलाच नाही. येरझारा घालत होते ते घालतच राहिले. "न्हाई, म्हणजे विहीर का नळ? विहीर असंल तर तुम्हाला आधी विहिरीचं देतो. वाकून पाहायची सवय असती ना. नळवाल्याला ते पुस्तक कळत न्हाई. वाया जातं."

"विहीर," मी तशीच तणतणत म्हणाले. "आमची आम्ही खणलेली."

"खणताना पाह्यली तुम्ही?" आता मात्र ते थबकले. "पाणी लागलं तेव्हा होत्या तिथं? अरे, मंग तर बिलकुल तेच!"

ते विहिरीचं मी त्याच आठवड्यात वाचलं. एका गावात अशी विहीर असते की तुम्ही आत हाक मारायच्या आधीच तिच्यातून उत्तर येतं. मग लोक उत्तरं ऐकून ऐकून हाक काय मारायची ते शोधत बसतात. शेवटाला येईस्तोवर चुलीवरची डाळ कोळसा झाली होती. सासू नाकाला पदर लावून बाहेर आली, "काय जळून राह्यलं गं?" मला तर वासच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी यादीत माझी पहिली नोंद झाली. कोणाचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं तर काय वाटत असेल, तसं मला 'डाळ गेली' ह्या दोन शब्दांनी वाटलं.

भिंतीवरच्या यादीतून मग ते ज्याची त्याची वेगळी यादी काढून द्यायचे, आणि ती जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं लिहायचे. गावात लग्नं भरपूर, आणि मागची बाजू कोरी. माझ्या यादीच्या पुढच्या बाजूला कुठल्यातरी पाटलाच्या घरचं लग्न होतं, गणपती, कलश, सगळं. सासूनं ती पत्रिका फळीवर पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. चार दिवस ती मला विचारायची, "कधी हाय गं लगीन? मोठ्याच्या घरचं दिसतंय." मी खरं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "म्हंजी जेवण न्हाई?"

यादी करायच्या आधी ते असे काही प्रश्न विचारायचे की डॉक्टर बरा. झोपताना पाय कुठं करता? घड्याळ कोणाकडं असतं, तुमच्याकडं का नवऱ्याकडं? मुंगी दिसली तर आधी काय करता? तोच क्रम मग त्या माणसासाठी पक्का. "औषधाचा काढा आधी आन् खीर मागून," म्हणायचे. क्रम मोडायला परवानगी नाही. मधलं गाळायचं नाही. आणि एक वाचून झालं की त्यांच्यापुढं सांगायचं, तोंडानं, पहिल्यापासून. ते ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरत ऐकायचे. मधेच खिडकी उघडायचे, मधेच लावायचे. त्यांच्या घरच्या काकू एकदा मला बाजारात म्हणाल्या, "अगं, हे जेवताना सुद्धा अर्ध्या भाकरीत उठून पुस्तक बघून येतात. मी ताट झाकून ठेवते, दुसरं काय करू?"

एवढी पुस्तकं त्यांना सापडायची कशी, हे मला कोडं होतं. अंबड ते काय, आणि तेव्हा तर जालना जिल्हाही झाला नव्हता, आम्ही औरंगाबादचे. एकदा विचारलं तर त्यांनी टेबलाखालून गठ्ठा काढला. प्रकाशकांची सूचिपत्रं, दिवाळी अंकांच्या मागच्या जाहिराती, कुठल्या मासिकात कोणीतरी लिहिलेल्या 'अवश्य वाचा' अशा याद्या. दुसऱ्यांच्या याद्या ते धान्य निवडणाऱ्या बाईसारखे निवडायचे. "ही दुकानदाराची यादी. जे विकलं न्हाई ते वर घातलंय. ही प्रोफेसरची. ह्यानं वाचलेलं कमी आन् मिरवलेलं जास्त."

"मंग खरी कोणती, काका?"

"ज्या यादीत एकतरी पुस्तक असं असतं, की ते आवडलं म्हणून सांगायला यादीवाल्याला थोडी लाज वाटली असंल, ती यादी खरी. त्या माणसाची बाकीची पुस्तकं मागवायची."

मला हे फार पटलं. माणसांनाही मी पुढं असंच पारखत आले.

दुष्काळाचं साल तेव्हा नुकतंच सरलं होतं. खडी फोडून लोकांच्या हातांची सालटी निघालेली, आणि वर बघायची सवय लागलेली, ढगासाठी. यादीवाले म्हणायचे, "बघतातच आहेत वर, तर ढगाच्या जरा पुढं पण बघावं माणसानं." रामनवमीला जांबच्या जत्रेत सायकलवर पिशव्या लटकवून गेले होते, तिथं एका म्हातारीनं ह्यांना धरलं. "ह्यात देव हाय का?" हे म्हणाले, "देव न्हाई, मावशी. पण लोक त्याच्या घराचा पत्ता शोधून राह्यलेत." म्हातारी म्हणाली, "मंग दे. पत्ता लागला तर सांगते." पुस्तक परत आलं नाही. वाचनालयाच्या समितीच्या लोकांनी विचारलं तर ह्यांचं उत्तर, "अजून पत्ता लागला नसंल."

आता मुख्य सांगते. भिंतीवरच्या यादीत सगळ्यात खाली एक पुस्तक होतं. आमच्या प्रत्येकाच्या यादीत, मग ती वकिलाची असो की माझी, सगळ्यात शेवटी तेच. त्याला नाव एकच, शेवटचं. आणि त्याच्यापुढं पेन्सिलीचा एकही शब्द नव्हता. ना दूध, ना भाकर.

काय आहे त्यात म्हणून विचारलं की एरवी बोलून बोलून घसा बसवणारा हा माणूस एकदम खिडकीकडं जायचा. एकदाच, कसल्यातरी खुशीत होते तेव्हा, बोलून गेले. "एका गावाला कळतं, की आपल्याला दिसतं ते आकाश जुनं हाय. ताऱ्यांचा उजेड इथं पोचेस्तोवर हजारो वर्षं गेलेली असतात. मंग ते गाव आजचं आकाश शोधायला निघतं."

"आणि?"

"आणि काय? वाचाल तेव्हा कळंल." पाठ फिरवली.

झालं. त्या दिवसापासून मी अंगणात उभी राहिले की तेच. म्हणजे हे जुनं आहे? मग आजचं कुठं आहे? मला पक्कं वाटायला लागलं की माझ्या जिवाला जी हुरहुर लागलीय तिचं उत्तर त्या पुस्तकात आहे. मी कंडक्टरला विचारलं, "तुम्ही शेवटचं वाचलं का हो?" तो म्हणाला, "कुठलं, ताई? मी मुंग्यांतच अडकलोय." वकीलसाहेबही नाही. कोणीच नाही. कारण कोणी जवळ पोचलं की यादीवाले त्याच्या पत्रिकेत मधेच एक-दोन पुस्तकं घुसवायचे. "अरे, हे तर राह्यलंच होतं की!" माझ्या पत्रिकेत तर त्यांनी लग्नमुहूर्ताच्या बाजूनं सुद्धा लिहायला सुरुवात केली होती.

आणि नवऱ्याची बदली आली. किनवटला. डेपोतल्या कोणीतरी सांगितलं, तिकडं जंगल आहे, सागवान आहे, अस्वलं आहेत. मी विचारलं, "वाचनालय?" तो माणूस हसायलाच लागला. "वहिनी, अस्वलाला काय वाचायचंय?"

सासूनं भांडी पोत्यात भरायला घेतली आणि मी धावत जिना चढले. "काका, आम्ही चाललो. बदली झाली. मला शेवटचं द्या."

"मधली किती बाकी हायेत!"

"वाचते ना! पण आधी शेवटचं द्या."

"क्रम मोडायचा न्हाई, बाई."

मग मी जी वाचत सुटले! ओट्यावर लोकांचे ब्लाउज पडलेले, ते दिल्याशिवाय गाव सोडता येईना. म्हणून नवऱ्याला बसवला. जन्मात पुस्तक न धरलेला माणूस, हाताला ग्रीस, मला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मी मशीन मारायची. सुरुवातीला एकेक अक्षर दगडासारखं उचलायचा. बाजाराचा दिवस हरवलेलं आलं तेव्हा मात्र मशीन थांबवून मी म्हणाले, "अहो, ड्युटीची वेळ झाली." तो मान वर न करता म्हणाला, "थांब गं जरा, तो वाणी काय करतो पाहू दे." त्या दिवशी त्याला उशीर झाला, साहेबाची बोलणी बसली. ते यादीवाल्यांना सांगितलं तर ते खूश, "घरात दोन वाचणारे झाले!" पण पुढच्याच वेळी माझ्याकडं रोखून पाहत म्हणाले, "तुम्ही वाचून न्हाई राह्यल्या, बाई. गिळून राह्यल्या."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. मधलं एक बाकी होतं.

"काका, उद्या सकाळी ट्रक येऊन राह्यला."

"मंग हे न्या. प्रवासात वाचा. सांगायला या."

"किनवटहून? सांगायला?"

"क्रम..."

"काका," माझा आवाज चढला, "तुम्ही क्रम पाळून न्हाई राह्यले. तुम्ही ते पुस्तक लपवून राह्यले. कोणालाच द्यायचं न्हाई तुम्हाला!"

खाली तेलाच्या दुकानात कोणीतरी डबा आपटला. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. मी उचललं आणि जिना उतरले, म्हणजे जवळपास पडलेच.

घरी सामानाच्या पसाऱ्यात, गुंडाळलेल्या गादीवर बसून मी ते उघडलं. पहिलं पान उलटलं आणि पुढची पानं उलटेनात. वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. तेव्हा काही पुस्तकं अशी यायची, छापून घडी घातलेली. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत जायचं. मी मधे उघडलं, शेवटी उघडलं. सगळी जोडलेली. एक पान कापलेलं नाही.

मला कळायला थोडा वेळ लागला. ते कोणीच वाचलं नव्हतं. त्यांनी सुद्धा.

सासू ओरडली, "आता कुठं निघाली?" मी टाके उसवायचं अर्धं ब्लेड घेतलं आणि तशीच परत गेले.

ते खिडकीत होते. मी येणार हे त्यांना माहीत असावं. मी पुस्तक उघडून धरलं. "काका, हे काय?"

"सूचिपत्रात दोनच ओळी होत्या," ते खिडकीशीच बोलल्यासारखं बोलले. "त्याच, तुम्हाला सांगितल्या त्या. मी रातभर फिरलो. मंग पुस्तक मागवलं. पण ते यायला उशीर लागला, तंवर त्याच्यासारखं आणखी काही हाय का म्हणून शोधायला लागलो. विहिरीचं तसंच सापडलं. मुंग्यांचं तसंच. ही सगळी भिंत त्या दोन ओळींच्या मागं लागून झाली. आन् पुस्तक आलं तेव्हा..." ते वळले. "चांगलं न्हाई निघालं तर, बाई?"

एवढा मोठा माणूस, आणि असा विचारत होता जसं मी पोरीच्या स्थळाची चौकशी करून आलेय.

मी खुर्ची ओढली. "मी वाचते. तुम्ही फिरा."

मग मी ब्लेडनं पानं कापत गेले आणि मोठ्यानं वाचत गेले. एक शास्त्रज्ञ असतो आणि त्याचा पुतण्या. शास्त्रज्ञ पुतण्याला प्रकाशाचा वेग समजावून सांगतो. पुतण्या म्हणतो, काय आश्चर्य! मग गुरुत्वाकर्षण. पुन्हा पुतण्याला आश्चर्य. मी कापतेय, वाचतेय, आणि वाट बघतेय गावाची. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली. यादीवाले फिरता फिरता प्रत्येक नव्या प्रकरणाला म्हणायचे, "आता येईल." शेवटी ते गाव आलं. एका पानावर. शास्त्रज्ञ म्हणतो, अशी एक कल्पना करता येईल की एखादं गाव आजचं आकाश शोधायला निघालं. पुतण्या म्हणतो, काय मजेदार कल्पना!

मी थांबले.

"मंग?" ते म्हणाले.

"मंग ते चहा घेतात, काका."

"आन् गाव?"

"गाव परत येत न्हाई. पुढं समारोप हाय."

त्यांनी खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग त्यांचाच प्रश्न, पण अगदी हलक्या आवाजात, "काय बिघडलं?"

खोटं बोलावं असं आलं होतं मनात. जाता जाता एवढं सुख द्यायला काय हरकत होती? पण ह्या माणसानं मला खोटं वाचायला शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "काही न्हाई. खालच्या दुकानातलं भांडण मला शब्द न् शब्द ऐकू आलं. तेलात भेसळ हाय म्हणून ती बाई डबा परत घेऊन आल्ती."

ते भिंतीजवळ गेले, वाकले, आणि सगळ्यात खालची ओळ ओल्या बोटानं घासायला लागले. शाई पसरली, कागद फाटला. मला वाटलं, आता हा माणूस बसकण मारील. पण ते असे गर्रकन वळले!

"पण त्या दोन ओळी कोणी लिहिल्या? सूचिपत्रात? हे पुस्तक लिहिणाऱ्यानं तर न्हाई, त्याला गावाशी देणंघेणंच न्हाई. कोणीतरी कारकून असंल, ज्याला ते एकच पान आवडलं. त्याच्या डोक्यात तर गाव निघालं असंल ना, बाई?"

"असंल," मी म्हणाले. "माझ्या डोक्यात तर कधीचं निघालंय."

"तुमच्या डोक्यात कसं निघालं? बैलगाड्या?"

"पायी."

"पायी? आजच्या आकाशापर्यंत?" ते भडकलेच. "म्हातारी माणसं काय करतील?"

आमची तिथं जुंपली. त्यांचं गाव गाड्या जुंपून, पंचांग बघून निघायचं. माझं गाव भाकरी बांधून. त्यांच्या गावाला नदी लागायची, माझ्या गावाला डोंगर. तेवढ्यात नवरा बोलवायला आला, कारण ट्रकवाला रात्रीच सामान चढवा म्हणत होता. मी निघाले. निरोप असा घेतलाच नाही. ते अजून नदीतच होते.

सकाळी सामान बांधून झालं. सासू आणि नवरा पुढं ड्रायव्हरजवळ, मी मागं गाद्यांवर, मशीनला टेकून, ते पडू नये म्हणून. ट्रक सुरू झाला आणि कोर्टाच्या बाजूनं यादीवाल्यांची सायकल आली. ह्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं की झोप म्हणून लागलेली नाही. शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"बाई! जनावरांचं काय?"

नवऱ्यानं खिडकीतून डोकं काढलं. "कोणाची जनावरं, काका?"

"त्या गावाची! सोबत नेतात का सोडून देतात?"

"नेतात," मी ओरडले. "पण म्हैस अर्ध्यात बसती!"

"का?"

"तिला जुनंच आकाश बरं वाटतं!"

ते हसले. सायकलवर बसून असे हसले की हँडल गेलं होतं हातचं. ट्रक बाजारातून हळूहळू चालला होता, भाजीवाल्या बाजूला होत होत्या, आणि हे शेजारून पायडल मारत. "आन् ठरवतं कोण निघायचं? सरपंच?"

माझी सासू पुढून ओरडली, "सरपंच कशाला निघतोय? त्याला काय कमी हाय?" तिला काही माहीत नव्हतं आम्ही कशाबद्दल बोलतोय.

"बराबर!" हे म्हणाले. "मावशी बराबर बोलून राह्यल्या. मंग आधी कोण निघतं?"

गाव संपलं, रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरनं गिअर टाकला. सायकल मागं पडायला लागली. मी गादीवर गुडघे टेकून उभी राहिले, एक हात मशीनवर, एक हात तोंडाशी.

"बायका!" मी ओरडले. "पहाटे उठून वर त्याच बघतात ना!"

"आन् नवरे?"

"येतील मागनं! उठल्यावर!"